पेशी गेल्या, निरोप पोचला

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची, म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या ‘एक्झोसोम’ या कणांविषयीची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले. उरलेल्या दोन वाचकांच्या वाट्याला त्यामुळे कमी जागा आली, याची त्यांनी क्षमा करावी.

प्रश्न : माझे थोरले बंधू (वय ५८) द्राक्षबागायतदार आहेत. जानेवारीत सकाळी बागेत औषध फवारत असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. मिरजेला नेऊन अँजिओप्लास्टी होईपर्यंत पाच तास गेले, कारण पहिले दोन तास आम्ही पित्त समजून सोडा पाजण्यात घालवले. घरी सोडताना इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, त्यात पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती रक्त बाहेर पडते ते, ३५ टक्के आले. माझा पुतण्या पुण्यात शिकतो. त्याच्या वाचनात आले की, ‘एक्झोसोम’ नावाचे सूक्ष्म कण दिल्यास हृदय पुन्हा भरून येते. एका मोठ्या शहरातील दवाखान्याने फोनवर चार लाख रुपये खर्च सांगितला आहे आणि बंधू त्यासाठी जमिनीचा तुकडा काढायला निघाले आहेत. हे कण म्हणजे नेमके काय, आणि त्यांनी हृदय खरोखरच भरून येते का?
— एक निवृत्त शिक्षक, तासगाव

उत्तर : गुरुजी, आपल्या पत्रातील ‘भरून येणे’ या शब्दापासूनच सुरुवात करतो. हाताला विळा लागला तर जखम भरून येते, म्हणजे कडेच्या कातडीतील पेशी विभागून नव्या पेशी तयार करतात आणि पोकळी बुजते. हृदयाच्या स्नायूला हे जवळजवळ जमत नाही. स्वीडनमधील योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ मध्ये हे मोजले आणि त्यासाठी वापरलेली युक्ती विलक्षण होती. शीतयुद्धाच्या काळातील अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला आणि पुढे तो ओसरत गेला. पेशी ज्या काळात जन्मली त्या काळच्या हवेची खूण तिच्या डीएनएमध्ये राहून जाते. या खुणांवरून असे दिसले की, वयाच्या पंचविशीत हृदयाच्या स्नायुपेशींपैकी वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. मोठ्या झटक्यात मात्र शंभर कोटीपर्यंत स्नायुपेशी काही तासांत मरू शकतात. वर्षाला शेकडा एक व्याज मिळवणाऱ्याने एका रात्रीत पाव भांडवल गमवावे, तसा हा व्यवहार आहे.

मग त्या जागी होते काय? पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावतात आणि मेलेला स्नायू पोखरून काढू लागतात. त्यांच्यामागून महाभक्षी पेशी येतात आणि राडारोडा गिळतात. त्यानंतर तंतुपेशी कोलॅजनचे धागे विणतात आणि साधारण दोन महिन्यांत तेथे एक घट्ट, पांढुरका व्रण तयार होतो. हा व्रण म्हणजे ठिगळ आहे. ठिगळाला नावे ठेवू नयेत, कारण ते वेळेत बसले नाही तर हृदयाची भिंत फाटू शकते. पण ते आकुंचन पावत नाही. आपण पुढच्या वेळी बंधूंबरोबर इकोच्या खोलीत गेलात तर पडद्याकडे नीट पाहा. डाव्या कप्प्याच्या भिंती प्रत्येक ठोक्याला आत येताना दिसतील आणि एक भाग मात्र नुसता जागेवर थरथरेल, किंवा बाकीच्या भिंती आत येत असताना तो उलट किंचित बाहेर फुगेल. उरलेल्या भिंतींवर त्याचा भार पडतो, वर्षागणिक कप्पा ताणून मोठा होतो आणि माणसाला जिना चढताना धाप लागू लागते. तेव्हा झटक्यानंतरच्या उपचारांपुढे खरे तर दोन प्रश्न असतात : ठिगळाच्या कडेला जे स्नायू अर्धमेले होऊन पडले आहेत, त्यांतील किती वाचवता येतील, आणि ठिगळ किती लहान व लवचिक ठेवता येईल. एक्झोसोमचे काम या दोन प्रश्नांशी आहे. स्नायू नव्याने पेरण्याशी त्याचा संबंध फार थोडा आहे.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही एका अपेक्षाभंगानंतरच उमगली. २००१ मध्ये असा दावा झाला होता की, उंदराच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, झटका आलेल्या हृदयात सोडल्या तर त्यांचा स्नायू बनतो. जगभर त्याचे अनुकरण झाले, रुग्णांवर चाचण्याही झाल्या. पुढे इतर प्रयोगशाळांना तो स्नायू सापडेना, आणि २०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठ व त्याच्याशी संलग्न रुग्णालयाने तो दावा करणाऱ्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत अशी शिफारस केली. तरीही एक कोडे उरलेच होते. प्राण्यांच्या हृदयात सोडलेल्या मूळ पेशी बहुतांशी काही दिवसांतच नाहीशा होत, आणि तरी पुष्कळ प्रयोगांत हृदयाची स्थिती थोडीफार सुधारलेली दिसे. काम करणारा निघून गेला होता आणि काम झालेले होते.

हे कोडे ज्या प्रयोगाने सुटायला लागले तो आपल्या स्वयंपाकघरातील कोणालाही चटकन कळेल. भात शिजवून शिते बाजूला काढली तरी पेजेत कस उतरलेला असतो, म्हणून आजाऱ्याला आपण पेज देतो. अमेरिकेतील व्हिक्टर झाऊ यांच्या गटाने २००५-०६ च्या सुमारास नेमके हेच केले : मूळ पेशी ज्या द्रवात वाढवल्या होत्या त्यातून पेशी काढून टाकल्या आणि नुसता द्रव प्राण्यांच्या हृदयाला दिला. इजा कमी झाली. मग पेजेत असे काय उतरले होते? सिंगापूरच्या साय कियांग लिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो द्रव आकारमानाप्रमाणे गाळून वेगवेगळा केला, तेव्हा गुण सुट्या प्रथिनांच्या भागात आढळला नाही, तर त्याहून पुष्कळ मोठ्या कणांच्या भागात आढळला. २०१० मध्ये त्यांनी हे कण उंदरांना देऊन मृत स्नायूचा भाग लहान राहतो असे दाखवले. हे कण म्हणजेच एक्झोसोम.

प्रत्येक जिवंत पेशी आपल्या आवरणाच्याच कापडाच्या बारीक पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, करून बाहेर सोडत असते. त्यांतील एक्झोसोम या प्रकारच्या पुटिका साधारण ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाच्या असतात. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा पाचशे-हजार पुटिका शेजारी शेजारी मांडता येतील. १९८३ मध्ये माँट्रियल आणि सेंट लुईस येथील दोन गटांनी कच्च्या तांबड्या रक्तपेशींमध्ये त्या स्वतंत्रपणे पाहिल्या, आणि माँट्रियलच्या रोझ जॉन्स्टन यांनी त्यांना एक्झोसोम हे नाव दिले. त्या काळी समजूत अशी होती की, पेशी नको असलेला माल पिशवीत भरून दाराबाहेर टाकते. पुढची पंचवीस-एक वर्षे या पिशव्यांकडे फार थोड्यांनी लक्ष दिले. मग २००७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी दाखवले की, या पुटिकांत आरएनए, म्हणजे जनुकांतला मजकूर वाहून नेणारा रेणू, असतो आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन काम करू शकतो. उकिरड्यावर टाकलेल्या पिशव्यांत लेखी निरोप निघाले.

सांगलीच्या पेठेत सौद्यासाठी मांडलेले हळदीचे पोते मी या ठिकाणी नेहमी उदाहरणाला घेतो. पोत्याच्या तागावर मार्का असतो, त्यावरून माल कोणाचा ते कळते. आतला माल वेगळाच असतो. पुटिकेच्या आवरणावरही प्रथिनांचे मार्के असतात, आणि ती कोणत्या पेशीतून निघाली व कोणत्या पेशीला चिकटेल हे बऱ्याच अंशी त्यांवर ठरते. आत प्रथिने असतात, स्निग्ध पदार्थ असतात आणि मायक्रोआरएनए नावाचे चिमुकले धागे असतात. हे धागे जेमतेम बावीस-तेवीस अक्षरांचे असतात, पण पेशीतील एखाद्या जनुकाचा हुकूम प्रथिनापर्यंत पोचण्याआधीच ते तो रोखतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच धाग्यांच्या शोधासाठी.

आता हा निरोप हृदयात पोचल्यावर काय घडते ते पाहू. प्राण्यांवरील प्रयोगांतून जे चित्र उभे राहते त्यात सर्वांत महत्त्वाची जागा मला महाभक्षी पेशींची वाटते. या पेशी झटक्यानंतर प्रथम आक्रमक असतात; त्या मेलेले साफ करतात, पण त्या भरात शेजारच्या धडधाकट स्नायूलाही पोळतात. काही दिवसांनी त्यांनी स्वभाव बदलून डागडुजीकडे वळायचे असते. हा बदल लांबला तर व्रण पसरतो. मूळ पेशींच्या पुटिका महाभक्षी पेशींत शिरल्या की हा बदल लवकर होतो असे अनेक प्रयोगांत दिसले आहे, आणि म्हणून पुटिका स्नायूपर्यंत फारशा न पोचताही त्याचा फायदा होऊ शकतो. याखेरीज कडेच्या अर्धमेल्या स्नायुपेशींना पुटिकांतील काही निरोप आत्मनाशाच्या मार्गावरून परत फिरवतात. बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला नवे फाटे फोडायला लावतात. आणि तंतुपेशींना कोलॅजन विणताना हात आखडता घ्यायला लावतात. लॉस एंजेलिसच्या एदुआर्दो मार्बान यांच्या गटाने २०१४ मध्ये याची उलट बाजूही तपासली. हृदयातून काढून वाढवलेल्या पेशींचे पुटिका सोडणेच त्यांनी औषधाने बंद पाडले, तेव्हा त्या पेशींचा गुण गेला. नुसत्या पुटिका दिल्या, तेव्हा गुण परत आला. त्या पुटिकांत १४६ए क्रमांकाचा मायक्रोआरएनए भरपूर होता, पण तो एकटा दिल्यावर पूर्ण परिणाम मिळाला नाही. एका पोत्यात अनेक जिन्नस असतात आणि त्यांचे काम एकत्र चालते, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

सगळे निरोप भल्याचे असतात असेही नाही. रक्तातील बिंबिकांनी सोडलेल्या पुटिका गुठळी व्हायला मदत करतात. हृदयातील तंतुपेशींच्या पुटिका शेजारच्या स्नायुपेशींना फुगवतात, असे उंदरांत दिसले आहे. कोणत्या पेशीने, कोणत्या अवस्थेत पुटिका सोडली, यावर तिच्यातला मजकूर ठरतो, आणि हीच बाब चार लाख मागणाऱ्याला पहिल्यांदा विचारायची आहे : हा माल कोणत्या पेशींचा, त्या कशा वाढवल्या, आणि मागच्या खेपेचा व या खेपेचा माल सारखा आहे हे कोणी तपासले?

दुसरी अडचण पोचवण्याची आहे. शिरेतून दिलेल्या पुटिकांपैकी बहुतेक काही मिनिटांतच यकृत आणि प्लीहा यांत अडकतात; हृदयाच्या वाट्याला फार थोड्या येतात. मार्बान यांच्याच गटाने डुकरांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पुटिका हृदयाच्या रोहिणीत सोडल्या तेव्हा उपयोग दिसला नाही. सुईने थेट स्नायूत टोचल्या तेव्हा दिसला. नुकत्याच इजा झालेल्या हृदयात सुया टोचणे ही साधी गोष्ट नव्हे. उंदरात यशस्वी ठरलेल्या उपायांपैकी किती उपाय मोठ्या प्राण्यांपर्यंत आणि माणसापर्यंत टिकतात, याचा हृदयविकाराच्या क्षेत्रातील इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही, हेही आपल्यासारख्या शिक्षकापासून लपवण्यात अर्थ नाही. माणसांवरचे काम आता कोठे सुरू झाले आहे. पॅरिसचे शल्यविशारद फिलिप मेनाशे यांच्या गटाने हृदयाच्या पूर्वज पेशींनी (ज्यांपासून पुढे हृदयाच्या पेशी बनतात त्यांनी) सोडलेला पुटिकायुक्त अर्क शिरेतून देण्यास आरंभ केला असून त्यांच्या पहिल्या रुग्णाचा वृत्तांत २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पण ती चाचणी मुख्यतः सुरक्षिततेची आहे, रुग्ण मोजके आहेत, आणि त्यांचे हृदय झटक्याने नव्हे तर अन्य कारणाने प्रसरण पावलेले आहे. आपल्या बंधूंना लागू पडेल असे उत्तर त्यातून अद्याप मिळत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर सूचना काढून सांगितले होते की, एक्झोसोमचे एकही उत्पादन त्यांनी मंजूर केलेले नाही. नेब्रास्का राज्यात अशी उत्पादने घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर ही सूचना निघाली. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मूळ पेशींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा आशय असा आहे की, प्रमाणित न झालेले उपचार केवळ नोंदणीकृत चाचणीत द्यावेत आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेऊ नयेत. म्हणून पुतण्याला त्या दवाखान्यात आणखी एक फोन करायला सांगा आणि भारतीय चाचणी नोंदवहीतील क्रमांक मागायला लावा. क्रमांक मिळाला तर तो संगणकावर कोणालाही पाहता येतो. मिळाला नाही, किंवा क्रमांक आहे पण पैसेही हवे आहेत असे उत्तर आले, तर जमिनीच्या तुकड्याचा विषय तेथेच संपवा.

आणि एक गोष्ट, जी घरी सोडताना घाईत सांगायची राहून गेली असावी. झटक्यानंतर लगेच केलेल्या इकोतील आकडा अंतिम नसतो. रक्त परत मिळालेला स्नायू काही दिवस ते काही आठवडे सुन्न राहतो. तो जिवंत असतो, पण आकुंचन पावत नाही. म्हणून पंपिंग पुन्हा मोजायचे ते सहा आठवड्यांनी, आणि अँजिओप्लास्टी झालेल्यांत शक्यतो तीन महिन्यांनी. ३५ चे ४५ झालेले मी पुष्कळांत पाहिले आहे, आणि त्या पुष्कळांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या व हृदयावरचा ताण उतरवणाऱ्या गोळ्या एकही दिवस चुकवल्या नव्हत्या. आकडा खालीच राहिला तर पुढचे उपाय, काहींना छातीत बसवायच्या उपकरणासह, तेव्हा ठरवतात.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इतके लहान कण शास्त्रज्ञ पाहतात कसे आणि वेगळे कसे काढतात?
— एक विद्यार्थिनी, विटा

उत्तर : तुझ्या महाविद्यालयातील सूक्ष्मदर्शकाने ते दिसणार नाहीत, कारण साध्या प्रकाशाने सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. द्रवात लेसर सोडून कणांची थरथर मोजण्याचीही एक पद्धत आहे. लहान कण अधिक वेगाने भटकतो, त्यावरून आकार काढता येतो. वेगळे करण्याची जुनी रीत म्हणजे अतिवेगवान सेंट्रिफ्यूज. आधी कमी वेगावर पेशी आणि तुकडे खाली बसवायचे आणि मग गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट बलावर तास-दोन तास फिरवून पुटिकांचा जेमतेम दिसेल असा साका मिळवायचा. गैरसोय अशी की, रक्तातील कोलेस्टेरॉल वाहणारे काही कणही त्याच आकाराचे किंवा त्याच घनतेचे असतात आणि ते बरोबर येतात. म्हणून ‘आम्ही एक्झोसोम दिले’ असे लिहिणाऱ्या निबंधात त्यांनी शुद्धता कशी तपासली हे आधी वाचायची सवय लाव. या क्षेत्रातील संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४, २०१८ आणि २०२४ मध्ये त्यासाठीचे किमान निकष प्रसिद्ध केले आहेत, आणि सीडी ६३, सीडी ८१, सीडी ९ ही नावे तुला तेथे वारंवार भेटतील. तेच पुटिकेवरचे मार्के.

प्रश्न : शरीर स्वतःच असे कण तयार करते, तर ते घरच्या घरी वाढवता येणार नाहीत का? माझ्या पतींना दोन वर्षांपूर्वी अटॅक आला होता. व्यायामाने किंवा आहाराने हे कण वाढतात असे कोणी सांगितले. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो फुगवण्याचा एक उपाय आहे असेही ऐकले.
— एक गृहिणी, पलूस

उत्तर : ताई, शरीर ते तयार करते हे खरे आहे. उंदरांत तर असे दिसले आहे की, झटका आल्यावर हृदयातून निघालेल्या पुटिका रक्तावाटे अस्थिमज्जेपर्यंत जातात आणि तेथील पूर्वज पेशींना बाहेर पडायला लावतात. म्हणजे हृदय स्वतःच गावाला वर्दी देते. माणसाने सायकल चालवली की थोड्याच वेळात रक्तातील पुटिका वाढतात आणि थांबल्यावर पुन्हा खाली येतात, हेही मोजलेले आहे. मात्र व्यायामाचा हृदयाला होणारा फायदा त्या पुटिकांमुळेच होतो असे अजून कोणी सिद्ध केलेले नाही, आणि फायदा व्हायला ते सिद्ध होण्याची वाट पाहण्याचे कारणही नाही. आहाराबद्दल बोलायचे तर पुटिका दुधातही असतात. म्हणून दुधाने हृदय दुरुस्त होते, असे सांगणारा उद्या कोणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

पट्ट्याचा उपाय थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. दंडाला पट्टा आवळून पाच मिनिटे रक्त थांबवायचे, पाच मिनिटे सोडायचे, असे चार वेळा केले की दूर असलेल्या हृदयाला संरक्षण मिळते, हे प्राण्यांत आणि लहान चाचण्यांत दिसले होते. हा निरोप दंडाकडून हृदयाकडे नेणारे वाहन पुटिका असाव्यात, असे सुचवणारे प्रयोगही झाले. मग पाच हजारांहून अधिक झटक्याच्या रुग्णांवर, अँजिओप्लास्टीच्या वेळी, युरोपातील चार देशांत मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०१९ मध्ये आला : पट्टा बांधलेल्या आणि न बांधलेल्या रुग्णांत वर्षभरानंतर हृदयविकाराने होणारे मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल होणे यांत फरक पडला नाही. ती चाचणी झटक्याच्या वेळची होती आणि आपल्या पतींना दोन वर्षे झाली आहेत, तेव्हा पट्टा रक्तदाब मोजण्यापुरता ठेवावा. चालण्याचा वेग आणि वेळ मात्र त्यांच्या डॉक्टरांकडून ताणचाचणी (स्ट्रेस टेस्ट) करवून लिहून घ्यावा, कारण ‘सकाळी थोडे फिरत जा’ एवढ्या मोघम सल्ल्यावर अटॅक आलेला माणूस एक तर अंगणातच फिरतो, नाही तर पहिल्याच दिवशी सागरेश्वराची चढण चढायला जातो.